दोघांत एक पिस्तूल

माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायच्या तक्त्यावर सगळ्यात खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत मी एक ओळ मुद्दाम छापून घेतलीय: ‘एवढं दिसतंय तर इथे कशाला आलात?’ ज्याला वाचता येते तो हसतो, ज्याला येत नाही त्याला मी चष्मा देतो. सांगायचा मुद्दा, मी असा माणूस आहे. गंभीर चेहरा मला फार वेळ पेलवत नाही, गाल दुखायला लागतात.

तर अशा माणसापुढे बायकोने एका सकाळी चहा ठेवला आणि सांगितलं, यंदा क्लबच्या जोडीच्या सामन्यात आपण उतरायचं आणि ताईला हरवायचं.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आणि क्लब म्हणजे नेमबाजीचा. कागदाच्या टार्गेटवर, पॉइंट बावीसच्या छोट्या पिस्तुलाने. एवढीशी गोळी, डब्याचं झाकण आपटावं एवढा आवाज. जोडीचा सामना ही तिथली खास गंमत आहे. एका घरातली दोन माणसं, दोघांत मिळून एकच पिस्तूल, आणि गोळ्या आळीपाळीने. एकाने मारायची, पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवायचं, मग दुसऱ्याने उचलायचं. हातातून हातात द्यायचं नाही. नवराबायकोंनी एकमेकांच्या हातात पिस्तूल देऊ नये, हा नियम ज्याने केला तो नक्की संसारी असणार.

आता हरवायचं का, ते ऐका. माझी बायको धाकटी. थोरलीचे फ्रॉक, थोरलीची पुस्तकं, थोरलीची सायकल, सगळं हिच्याकडे उतरत आलं. एवढंच काय, थोरलीचे दात सरळ करायची तारसुद्धा यांच्या आईने एकदा हिच्या तोंडात बसते का म्हणून बघितली होती. थोरली वाईट असती तर भांडता आलं असतं. पण ती प्रेमाने देते, पाठीवरून हात फिरवून देते. तिथेच सगळं अडतं. गेल्या वर्षी ती आणि माझा साडू जोडीचा सामना पुन्हा जिंकले, नवा कप मिळाला, तेव्हा जुना कप घेऊन ती आमच्या घरी आली. म्हणाली, मला आता दोन काय करायचेत, हा तू ठेव, फुलं ठेवायला बरा आहे.

बायकोने कप घेतला. फुलंही ठेवली. त्या रात्री पोळपाट जरा जोरात वाजला, बाकी काही नाही. आणि त्याच महिन्यात तिने क्लबचा फॉर्म आणला, मलाही ओढलं, वर्षभर क्लबच्या पिस्तुलांवर हात बसवला. परवाना हातात आला, आता स्वतःचं घ्यायची वेळ आली होती.

क्लबच्या मागच्या खोलीत पिस्तुलं विकायला असतात. ती खोली एका बाईंची. बाईंच्या गळ्यात कायम कानावर लावायचे ते गोल झाकणवाले हेडफोन असतात, आणि समोरचा माणूस जास्त बोलायला लागला की त्या ते कानावर चढवतात. माझ्याशी बोलताना त्यांनी ते आधीच चढवून ठेवले होते.

त्या मोसमात विकायला तीनच होती. बाईंनी तिन्ही टेबलावर मांडली, एकेक उघडून रिकामं असल्याचं आम्हाला दाखवलं. पहिलं काळं, लांब नळीचं, जड. उचललं की हात हलायचाच नाही. मी मनातल्या मनात त्याचं नाव म्हैस ठेवलं आणि घरी जाईपर्यंत ते मनाबाहेरही आलं. दुसरं चकचकीत, लाकडी मुठीवर नक्षी, ती नवरी. तिसरं म्हणजे कोणाच्या तरी हातून आलेलं, बुटकं, मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेलं. ती पट्टीवाली.

मी विचारलं, यातलं चांगलं कुठलं? डोळे मिटा, बाई म्हणाल्या. त्यांची रीत अशी की डोळे मिटून पिस्तूल समोर धरायचं, हात जिथे आपोआप थांबेल तिथे थांबू द्यायचा, मग डोळे उघडायचे. मागची खाच आणि पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा, एका रेषेत दिसली तर पिस्तूल तुमचं. नाही दिसली तर ते दुसऱ्या कोणाचं.

मी म्हैस उचलली, डोळे मिटले, उघडले. माशी खाचेत अशी बसलेली, जशी काही जन्मल्यापासून तिथेच राहत होती. मी प्रेमात पडलो. बायकोने तीच उचलली आणि डोळे उघडले तेव्हा नळी जमिनीकडे बघत होती. मग तिने पट्टीवाली उचलली. ती केकवर नावं लिहायचं काम करते, क्रीमचा कोन हातात धरून. तशाच हलक्या हाताने तिने मूठ धरली, डोळे उघडले. नुसतं हसली. मी पट्टीवाली धरली तर माझी करंगळी बाहेर लोंबायला लागली, चहाचा कप धरल्यासारखी.

परतीच्या रस्त्याने आम्ही भांडलो. मी म्हटलं हात कमावता येतो, म्हैसच घेऊ. ती म्हणाली तुमची करंगळी कापता येते, पट्टीवाली घेऊ. शेवटी आठवडाभर विचार करायचं ठरलं. बाई काही राखून ठेवत नाहीत, जो आधी येईल त्याचं.

आणि इथे साडू मध्ये आला. त्याच्या जुन्या पिस्तुलाचा आतला खिळा झिजला होता, त्यालाही नवं हवं होतं. तो दुकानात चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, काय हो, बघून आलात म्हणे? माझ्या अंगात आनंदाची एक लहर गेली. अशी संधी माणसाला रोज मिळत नाही. मी दांडी घट्ट करता करता नवरीचं एवढं वर्णन केलं की तिच्या आईनेही केलं नसतं. मग आवाज खाली आणून म्हटलं, फक्त ते काळं घेऊ नका. चाप दाबताना खरखरतं. कशाला अंगाला लावून घेता. साडूने मान डोलावली, चष्मा घातला आणि गेला. मी दार लागेपर्यंत चेहरा धरून ठेवला आणि मग काउंटरखाली बसून हसलो. एक गिऱ्हाईक आत येऊन वाट बघून परत गेलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेलो तर टेबलावर नवरी आणि पट्टीवाली. मी म्हशीचं विचारलं. बाईंनी एक कान उघडा केला आणि सांगितलं, काल संध्याकाळी तुमचे साडू घेऊन गेले.

मी केकच्या दुकानात पोचलो तेव्हा बायको कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवर नाव लिहीत होती. मी घडलेलं सांगितलं. तिने कोन उचललाही नाही. ‘अगंबाई’ म्हणाली. बस, एवढंच.

आता हे बघा, बनवाबनवी हा माझा धंदा आहे, चष्मे हा जोडधंदा. तो सपाट आवाज, ती खाली वळलेली नजर, ओठाच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं काहीतरी. हा चेहरा वीस वर्षं मी वापरतोय. मी काउंटरला हात टेकून विचारलं, ‘तू काय केलंस?’

‘मी कुठे काय केलं? ताईला फक्त सांगितलं, यांचा जीव त्या काळ्यावर जडलाय. म्हटलं, कोणाला बोलू नकोस.’

थोरलीने अर्थातच नवऱ्याला सांगितलं. म्हणजे एकीकडे बायको सांगतेय की मला काळं हवंय, दुसरीकडे मी सांगतोय की काळं खरखरतं. बिचाऱ्याने दुसरं काय करायचं? मी रचलेला सापळा, आणि त्यात मीच जाऊन बसलेला, वर लोणीही मीच लावलेलं. बायको आता कोन हातात तसाच धरून हसत होती. एवढी हसली की केकवरच्या नावाची शेवटची वेलांटी टेबलावर गेली. मला राग यायला हवा होता. पण कारागिरी चांगली असली की दाद द्यावी लागते. मी तिथेच तिच्या पाया पडलो. गिऱ्हाइकं बघत होती.

पट्टीवाली घरी आली. सरावाला लागलो आणि माझी दुसरी फजिती बाहेर आली. पुढची माशी मला धुरकट दिसायची. गावाला चष्मे वाटणाऱ्या माणसाला चाळिशी लागली होती आणि तो ते कबूल करत नव्हता. बायको म्हणाली, हातभर अंतरावरून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवा. मी पाठ म्हणून दाखवली. तिने तक्ता उलटा टांगला. मग मी गुपचूप स्वतःला हाताच्या अंतराचा चष्मा करून घेतला. माशी लख्ख दिसायला लागली, टार्गेट धूसर झालं. बाई म्हणाल्या, तसंच पाहिजे, टार्गेट कुठे पळून जात नाही.

आणि एक चमत्कार झाला. करंगळीला जागा नाही म्हणून मला मूठ आवळताच येत नव्हती. आवळता येत नव्हती म्हणून हात थरथरत नव्हता. क्लबच्या पिस्तुलांवर माझा एवढा नेम कधी लागला नव्हता. हे मी बायकोला सांगितलं नाही. तिला ते आधीच माहीत होतं, हे तिने मला सांगितलं नाही.

सामन्याच्या दिवशी बायकोने मला एकच बजावलं. आज विनोद नाही. रेंजवर एकाही माणसाला हसवायचं नाही. मी शपथ घेतली आणि गाल आतून चावून ठेवले.

बाकीच्या जोड्या गळत गेल्या. शेवटी टेबलाच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला साडू आणि थोरली. साडू म्हशीवर झकास मारत होता; हे नाव बायकोकडून एव्हाना त्यांच्याही घरी पोचलं होतं. थोरलीची गोळी मात्र प्रत्येक वेळी जरा खाली, जरा आणखी खाली. हात भरून आले होते, पण कबूल करेल ती थोरली कसली. तरीही शेवटच्या फेरीपर्यंत दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. थोरलीने शेवटची गोळी मारली, ती काळ्या वर्तुळाच्या खालच्या काठाला लागली. आमची एकच उरली होती. बायकोची.

तिने पट्टीवाली उचलली. तेवढ्यात थोरली दंड चोळत, म्हशीकडे बघत, कोणालाही उद्देशून नाही अशी पुटपुटली, ‘सोडा आता हिला चरायला.’

झालं. बायकोचं हसू खांद्यांपासून सुरू झालं. तिने पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं, तेवढी शिस्त होती, आणि पोट धरून वाकली. थोरलीही वाकली. दोघी बहिणी टेबलाच्या दोन बाजूंना, तोंडातून आवाज नाही, डोळ्यांतून पाणी. बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. वेळ संपली की गोळी बाद.

बायकोने पुन्हा पिस्तूल उचललं, माशी नाचत होती, पुन्हा खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. सगळं आयुष्य मी माणसांना हसवण्यात घालवलं, थांबवायचं कसं ते मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी तिच्या कानाशी गेलो आणि आयुष्यातलं सगळ्यात नीरस वाक्य बोललो.

‘कपातली फुलं सुकलीयत.’

नळ बंद करावा तसं हसू बंद झालं. तिने डोळे पुसले. पट्टीवाली भरली, उचलली, श्वास सोडला. नावाचं शेवटचं अक्षर लिहावं तसा तिचा हात थांबला. डब्याचं झाकण वाजलं.

बाईंनी टार्गेट जवळ आणलं, भिंग लावलं, दोन्ही कान उघडे केले आणि आमच्या बाजूला बोट केलं.

मी नाचलो, ते सोडा. साडू माझ्याजवळ येऊन कुजबुजला, म्हैस विकायचीय, घेता का? मी खरंच हो म्हटलं. त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं आणि म्हणाला, मग नाही विकत.

पण गंमत टेबलापाशी चालली होती. थोरलीने बायकोला कवटाळलं, कपाळाचा मुका घेतला, आणि मग टेबलावरच्या पट्टीवालीकडे बघत राहिली. बघू गं, म्हणाली. बाईंनी ते रिकामं असल्याचं दाखवलं. थोरलीने डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं, जे त्या दिवशी मागच्या खोलीत माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर आलं होतं. बहिणीच शेवटी, हात सारखेच.

‘किती छान बसतंय गं हे,’ थोरली म्हणाली. ‘मला देतेस?’

बायकोने ते तिच्याकडून टेबलावर ठेवून घेतलं, उचललं आणि पेटीत ठेवलं. पेटीची कडी लावली. मग थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला, अगदी मायेने.

‘देईन ना ताई. माझं वापरून झालं की देईन.’

थोरलीला जरा उशिरा कळलं. मग ती एवढी हसली की खुर्ची शोधावी लागली. आता दर रविवारी तिचा फोन येतो, झालं का गं वापरून म्हणून. बायको पेटी पुसत पुसत सांगते, अजून नाही. आणि फोन ठेवल्यावर दिवसभर गुणगुणत असते.