कुर्कीतली चांदी

माझ्या चांदीला न्यायला कोर्टाचा अमीन आल्ता तव्हा मी त्याला लई बोलले. आज हसू येतं, पण तव्हा अंगाची नुसती आग झाल्ती. चांदी म्हंजे माझी गाय, मंठ्याहून बापानं आंदण दिलेली. माझा दीर भुजंग वाटणी मागायला अंबडच्या कोर्टात गेल्ता, आन् त्यानं गाय बी घरच्या सामायिक मालात धरली. सांगा आता, माझ्या माहेरच्या गाईवर ह्याचा काय हक्क?

जप्ती आली, जप्ती आली म्हणून सारं शहागड जमलं. कोणी हळदीकुंकू आणलं, कोणी गूळ-भाकर. लेक सासरी धाडावी तशी बायांनी पाठवणी केली. मी तर गाईच्या गळ्यातच पडले. अमीन म्हातारा, निजामाच्या वक्तापासून नोकरीत. पान चघळत थांबला आन् मंग बोलला.

"बाई, ही कुर्की हाय, जप्ती न्हाई. जप्ती म्हंजे माल सरकारचा झाला, विसरून जा. कुर्कीत माल तुमचाच राह्यतो, निकालापर्यंत फक्त दुसऱ्याच्या ताब्यात. गाय तुमचीच हाय."

आन् नेली कुठं, तर दोन घरं सोडून सोनूबाईच्या गोठ्यात! ओवाळणाऱ्या बाया गुपचूप पांगल्या. सोनूबाई एकटी, मूलबाळ न्हाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून राखण तिच्याकडे. आम्ही आन् भुजंगानं तिकडं बिलकुल फिरकायचं न्हाई, असा हुकूम. मी लांबूनच बघायची. गाय माझीच हाय, एवढ्या एका बोलावर मी दोन वर्षं काढली.

निकाल आमच्या बाजूनं लागला तशी पळतच गेले. सोनूबाईनं चांदीचं कपाळ खाजवलं, दावं माझ्या हातात दिलं आन् घरात जाऊन दार लावलं. चांदी चार पावलं आली, मागं वळून हंबरली आन् तिथंच थांबली. आतून सोनूबाईचं रडणं ऐकू येऊ लागलं.

गाय माझी होती, म्हणून तर कोणाला विचारायची गरज न्हवती. दावं परत तिच्याच खुंट्याला बांधलं आन् दाराशी गेले.

"सोनूबाई, रडू नका माय. सकाळी धार काढायला मी येत जाईन. तुम्ही चहा तेवढा ठेवा."

चांदी म्हातारी होऊन तिथंच गेली, मंग सोनूबाई बी गेली. सकाळचा चहा मला अजून एकटीला गोड लागत न्हाई.