तोंडी लावायला पाव

लोणखेड्याच्या रुक्मिणीबाईंनी सुनेला आधीच बजावलं होतं, "तुन्हा पाव माले आवडी गया तं ओव्हन ओट्यावर ऱ्हाई, नहीतं माळ्यावर जाई."

दामिनीने लोण्यात कोथिंबीर, पुदिना आणि लसूण कालवला, पावाला चिरा देऊन त्यांत ते लोणी भरलं आणि पाव ओव्हनमध्ये गरम केला. वासाने सासरे, रतिलाल पाटील, वेळेआधीच जेवायला येऊन बसले.

"हाई कशासंगे खावानं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"हे नुसतं तोंडी लावायला आहे, आई."

रुक्मिणीबाईंना ते पटलं. तोंडी लावायचं म्हटल्यावर भाकरी हवीच. त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडली आणि पावाचा चिमूटभर तुकडा घासात धरून ठेच्यासारखा खाल्ला.

रतिलाल म्हणाले, "पावसंगे भाकरी कोन खास?"

"तुम्ही गप ऱ्हा. सून शिकेल शे, तीच सांगी ऱ्हायनी."

दामिनीने सासूची चूक सुधारायला तोंड उघडलं, ओव्हनकडे पाहिलं आणि मिटलं.

"मिरची कमी शे," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "पन ऱ्हाऊ दे तुन्हा ओव्हन."

ओव्हन राहिला. त्या पावाने भूक मात्र अशी खवळते, की दामिनीला आता रोज सहा भाकऱ्या जास्त थापाव्या लागतात.