जाळीखालचं पाणी

खडीच्या खाणीत पाणी कुठून येतं, असं कोणी विचारलं की मोजणीबाई त्याला नदीकाठच्या वाळूत हातभर उकरायला सांगायच्या. खड्ड्याच्या तळाशी पाणी जमतं, ते नदीचंच. खाण म्हणजे असाच एक खड्डा, फक्त वीस एकरांचा. गोटे आणि खडी उपसून नेली की मागे तळं उरतं. जमिनीखाली झाकलेलं नदीचं पाणी तिथे उघडं पडतं आणि उन्हानं वाफ होऊन जातं. म्हणून नियम असा, की जेवढं उडालं तेवढं खाणीनं आपल्या साठवण तलावातून नदीला परत द्यायचं.

किती उडालं ते सांगायचं काम बाईंचं. कार्यालयामागे लाकडी चौकटीवर पत्र्याचं गोल, उथळ पात्र होतं. रोज सकाळी आठ वाजता त्यातलं पाणी किती उतरलं ते त्या मोजत. मिलिमीटरभर उतरलं, तर तळ्यावरून दहा हजार लिटरचे आठ टँकर उडाले असं धरायचं, आणि तेवढं पाणी संध्याकाळच्या आत झडपेतून नदीत सोडायचं.

तीन महिन्यांपूर्वी भटकी कुत्री त्या पात्राला तोंड लावू लागली. कुत्र्यांनी प्यायलेलं पाणी उन्हाच्या नावावर जायला नको, म्हणून बाईंनी वर बारीक तारेची जाळी बसवली. व्यवस्थापकांनी शाबासकी दिली. ही शाबासकी दुर्मिळ होती. गृहस्थ समोरच्याचा प्रत्येक शब्द चाळून घ्यायचे, म्हणून कामगार त्यांना तोंडावर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत.

खाणीच्या खालच्या अंगाला, नदीकाठीच, बाईंच्या मावशीची रोपवाटिका होती. एके दिवशी मावशीनं निरोप धाडला, की नदीत सोडलेल्या पंपाच्या नळीचं तोंड पाण्याबाहेर आलंय, एकदा येऊन बघून जा. तीन हजार रोपं पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकाकडे जायची होती. आणखी पंधरा दिवस असंच राहिलं, तर ती उपटून टाकायची वेळ येणार होती.

बाई नोंदवही काखेत घेऊनच गेल्या. एकेक दिवस दाखवून सांगितलं, की खाणीनं थेंबही ठेवून घेतलेला नाही. मावशीनं सगळं ऐकून घेतलं, पाणी द्यायची झारी मात्र खाली ठेवली नाही.

“वहीत पाणी भरपूर आहे गं,” ती म्हणाली. “माझी नळी तेवढी वहीत बुडत नाही.”

बाई हिरमुसल्या. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, की उघड्यावरच्या वाफ्यांना तू दोनदा पाणी देतेस, मग त्या हिरव्या जाळीखालच्यांना एकदाच का?

“जाळीखाली ऊन कमी, वारा कमी. माती लवकर सुकत नाही. एवढी शिकलीस आणि हे मावशीला विचारतेस?”

बाईंनी वही मिटली. परतताना त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या पात्रावरची तारेची जाळी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोठारातून तसंच दुसरं पात्र काढलं, घासलं आणि पहिल्याशेजारी मांडलं. त्यावर जाळी घातली नाही. भोवती चार खांब रोवून कंबरभर कुंपण केलं आणि कुंपणाबाहेर कुत्र्यांसाठी पाण्याची परात ठेवली. कुत्र्यांना ती पसंत पडली. सात दिवस बाईंनी दोन्ही पात्रं मोजली. सात दिवसांत जाळीखालचं पाणी बेचाळीस मिलिमीटर उतरलं, उघडं एकोणपन्नास.

म्हणजे रोजचा एक मिलिमीटर फरक. नदीला रोज आठ टँकर कमी पडत होते, आणि मावशीच्या सगळ्या रोपांना दोन पुरले असते. नव्वद दिवसांचे झाले सातशे वीस. बाईंनी हा गुणाकार तीनदा केला. चुकावा अशी फार इच्छा होती, पण तो चुकेना.

व्यवस्थापकांनी आकडे नेहमीसारखे चाळले. वहीवर सरकारी तपासनिसांची सही होऊन गेलीय, कोणी तक्रार केलेली नाही, मग झाकली मूठ झाकलीच का राहू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं. शिवाय खडी धुवायचं पाणी त्याच तलावातलं. तुटीचं पाणी सोडायचं तर धुलाई नऊ दिवस बंद ठेवावी लागणार होती.

“आणि जाळी तुम्ही बसवलीत, बाई. वरून जाब विचारला तर मी तुमचंच नाव सांगणार.”

“सांगा. चूक माझीच आहे, म्हणून दुरुस्तीही मीच लिहिणार. जुने आकडे खोडणार नाही, त्यांच्याशेजारी खरे लिहीन, कारणासकट. उद्या हे दुरुस्तीचं पत्रक तपासनिसांकडे जाईल. त्याआधी झडप उघडली, तर खाणीनं आपण होऊन पाणी दिलं असंही त्यात लिहिता येईल.”

साहेबांनी खिडकीतून त्या दोन पात्रांकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन दोन्हींत बोट बुडवून आले. जाळीखालचं पाणी कोमट लागलं आणि उघड्यातलं त्याहून गरम. आपल्या बोटाला चाळण लावता येत नाही. त्यांनी धुलाईच्या मुकादमाला बोलावलं आणि दुपारी यंत्र थांबवायला सांगितलं. पत्रकावर बाईंच्या सहीखाली स्वतःची सही केली, पण शाबासकी या खेपेला दिली नाही.

झडप बाईंनीच उघडली. दिवसाला ऐंशी टँकर, म्हणजे नऊ दिवसांत हिशेब फिटणार होता. रोजचं पाणी त्याशिवाय, आणि तेही आता उघड्या पात्राच्या मापानं.

दुसऱ्या सकाळी त्या मावशीकडे पोचल्या, तेव्हा ती काठावर उकिडवी बसली होती. नळीचं तोंड दोन बोटं पाण्याखाली होतं. बाईंनी जाळीची सगळी गोष्ट सांगितली, स्वतःची बाजू न सावरता. मावशीनं पाण्याच्या कडेला एक चपटा दगड रोवला आणि त्यावर नळीच्या तोंडाच्या उंचीला विटेच्या तुकड्यानं रेघ ओढली.

“उशिरा आलं, पण आलं,” ती म्हणाली. “नऊ दिवसांनी हे जादा पाणी थांबलं, की मी रोज हा दगड बघणार. तुझ्या वहीवर आता माझा भरवसा नाही.”

“नको ठेवूस. मीही रोज बघायला येणार आहे.”

मावशी उठली आणि पंप सुरू करायला गेली. बाईंनी वही उघडली, आठ वाजताच्या आकड्याशेजारी एक नवा रकाना आखला आणि त्याच्यावर लिहिलं, ‘दगड’.