मोटेवरची गवराबाई

"तेल लावायच्या आधी आई बोटानं एकेक गुंता सोडवायची. म्हणायची, पोरीच्या डोळ्यात पाणी आलं तर तेल वाया गेलं."

छबू सांगत होती आणि ओसरीवरच्या बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. आई म्हणजे तिची आजी, गवराबाई. कुरुळीत आज तिचा तेरावा होता.

छबूची खरी आई, गवराबाईची लेक ठकूबाई, अंगणात राखेनं पातेली घासत होती. तिच्या हाताचा जोर वाढला. मामा बन्सी तिला अक्का म्हणायचा, म्हणून पोरगीही अक्काच म्हणायची. छबू दोन वर्षांची असताना ठकूबाई दुसऱ्या बाळंतपणात अंथरुणाला खिळली आणि गवराबाईनं नातीला चिखलीहून इकडं आणलं. आणलं ते आणलंच. ठकूबाई दोनदा न्यायला आली, दोन्ही वेळा पोरगी आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून बसली. "ऱ्हाऊ दे गं," म्हातारी म्हणाली होती, तेही हसत. त्या हसण्याचा डाग ठकूबाईच्या काळजावरून अकरा वर्षांत गेला नव्हता.

"मायेचा झराच हुता बाई," शेजारची शालनबाई उसासली.

ठकूबाईनं पातेलं आपटलं. "कुनाचा झरा? मला तर कदी घोटभर मिळाला न्हाई. माज्या केसांत कुनी बोटं घातली न्हाईत. धपाटे तेवढे खाल्ले."

भावजय सोजरा घाईघाईनं म्हणाली, "अवो वन्सं, आजच्या दिवशी..."

"आजच्याच दिवशी! छबे, बोचकं बांध. गाडी जुपायला सांगितलीय."

"मी मामीपाशी ऱ्हाते," छबू हळूच म्हणाली.

ते ऐकलं मात्र, ठकूबाई राखेच्या हातांनीच उठली आणि मागच्या दारानं मळ्याकडं चालू लागली. जित्या बाईशी भांडता येतं, पण मेलेलीशी कसं भांडायचं? तिनं माझी पोर घेतली ती घेतली, वर माझ्या वाट्याची मायाही हिलाच दिली.

विहिरीवर ऑइल इंजिन धडधडत होतं. बन्सी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागला आणि दोन वर्षांतच त्यानं ते बसवलं. ठकूबाई दगडावर टेकली. बाप गेला तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि बन्सी पाळण्यात. आईचे दीर तिला म्हणाले, जमीन आम्हाला लावून दे. दुसऱ्या दिवशी उजाडताना कासोटा घालून गवराबाई स्वतः मोटेवर उभी राहिली. बाईमाणूस मोट हाकतंय म्हणून गाव बघायला लोटलं. चार दिवस हसलं, मग हसायचं थांबलं. वाफ्यात पाणी धरायला ठकू. बांध फुटला की मोटेवरून शिवी यायची, कधी ढेकूळ. संध्याकाळी माय-लेकी भाकरी हातात घेऊनच पेंगायच्या. केसांच्या जटा झाल्या, तेव्हा आईनं कात्री घेऊन ते कापूनच टाकले होते.

"अक्का."

छबू मागं येऊन उभी होती. बोचकं हातात नव्हतं.

"काय हाय?"

"आई मोट हाकायची, त्ये तू बघितलंस?"

"बघितलं म्हंजी? रोज. पावसाळा सोडला तर बाराही म्हयने."

छबूनं खालचा ओठ चावला. "मला कुनी सांगितलंच न्हाई. मला आई दिसली ती बसलेली. गुडघे धरून कन्हनारी. शालनआजी आत्ता म्हनली, मोटेवरच्या तिच्या हाळीनं नदीपल्याडची मानसं उठायची. मी तर तिचा मोठा आवाज कदी ऐकलाच न्हाई." मग एकदम, रडवेल्या रागानं, "तुला तरनी आई मिळाली. मला नुसती म्हातारी."

हा सूर ठकूबाईच्या ओळखीचा होता. तेरा दिवस ती तोच गिळत होती.

"कशी हाकायची?" छबूनं विचारलं.

"आता काय सांगू? बैलं न्हाईत, मोट न्हाई."

"तरी दाव."

विहिरीपासून खाली उतरणारी बैलांची धाव हरळीनं भरली होती. ठकूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. कासोटा घट्ट खोचला. धावेच्या तोंडाशी उभं राहून मोटेचा न दिसणारा नाडा तिनं मांडीखाली घेतला आणि अंगाचा भार टाकत उतारानं निघाली. "चल रं हौश्याऽ! चल माज्या गुलब्याऽ!" पहिली हाळी बारीकच निघाली. दुसरी सुटली ती इंजिनाच्या धडधडीवरून पार गेली. पलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बायांनी माना वर केल्या. त्यातली एक म्हातारी उठून उभीच राहिली.

ठकूबाई तळाशी थांबली. स्वतःच्या तोंडून आलेला तो आवाज तिला नीट ठाऊक होता. हुंदका आला, पण वर छबू डोळे विस्फारून उभी होती.

"मग?" पोरीनं वरून विचारलं. "खाली गेल्यावर मग काय करायची?"

"मग बैलं मागं घ्यायची. पाठमोरी. हितंच खरा जीव जायचा," ठकूबाई म्हणाली आणि दोन्ही हात पुढं धरून, एकेक पाऊल मागं टाकत चढ चढू लागली.