थांबलेला थेंब

टायरच्या दुकानावरचं सभागृह खच्चून भरलं होतं. बहुतेक बायका गरोदर, प्रत्येकीसोबत सासू नाहीतर आई. समोरच्या पडद्यावर एका बाईचं रक्त दिसत होतं. टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकातून ते तिथे उतरलं होतं, आणि त्यातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून बशांच्या चळतींसारख्या दिसत होत्या.

"बघा ताई, हा तुमचा ताण," रेशमी सदऱ्यावर डॉक्टरी कोट चढवलेला, स्वतःला 'रक्तदर्शी गुरुजी' म्हणवणारा माणूस म्हणाला. "पेशी घाबरल्यात. घाबरलेली माणसं कशी बिलगतात, तशा. या आईच्या गर्भात बाळ काय हसणार?"

मग त्याने 'शीतार्क' नावाच्या आपल्या औषधात भिजवलेला कापूस त्या बाईच्या बोटावर फिरवला, ओल्या बोटातून नवा थेंब काढला आणि लगेच पडद्यावर दाखवला. पेशी एकेकट्या, सुट्या, मजेत तरंगत होत्या. सभागृहाने सुस्कारा सोडला. कुणीतरी हातही जोडले.

दाराशी टेकून उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंना मात्र फक्त खुर्ची हवी होती. रात्रभर त्या प्रसूतिगृहात उभ्या होत्या आणि आता पाय बोलत होते. पण शिंप्याच्या बायकोला सकाळीच दाखल व्हायला सांगितलं होतं, आणि ती आली नव्हती. दवाखान्यात आला होता शिंपी, एकटाच, मान खाली घालून. "बाई, आता रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या तर चालेल ना? गुरुजी म्हणतात, ताण उतरला." त्याला घेऊनच बाई इथे आल्या होत्या.

त्याची बायको पहिल्याच रांगेत होती. आठवा महिना, चेहरा सुजलेला, डोळ्यांवर हाताचा आडोसा.

"डोकं?" डॉक्टरबाईंनी तिच्याजवळ वाकून विचारलं.

"ठणकतंय. मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

बाईंनी ओळखलं. हिला आता कुठल्याही क्षणी झटके येऊ शकत होते, आणि मग आई आणि बाळ दोघांचंही काही खरं नव्हतं.

"रागावू नका बाई," शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात ना, रिपोर्टात ताण दिसतोय? मग ताण घालवायलाच आलो इथं."

ते खरं होतं. बाई तसं म्हणाल्या होत्या, एक हात दाराच्या कडीवर ठेवून, पुढच्या पेशंटकडे जाता जाता. शब्द त्यांचा, आणि दुकान याने थाटलं होतं. त्यांना स्वतःचाच राग आला. पण आधी हिला इथून उठवायला हवं होतं, आणि नुसतं "चला" म्हटल्याने ही माणसं उठणार नव्हती.

"गुरुजी, एक थेंब तुमचा दाखवाल?"

"साधकाचं रक्त निर्मळच असतं, बाई."

"मग हरकत कसली?"

चारचौघांत नाही म्हणता येईना. त्याने बोटाला सुई टोचली. बाईंनी थेंब काचेवर घेतला, वर दुसरी पातळ काच ठेवली. तो अर्काच्या बाटलीकडे वळला, तसा त्यांनी त्याचा हात अडवला. "तुम्हाला अर्क कशाला? आणि तुमचं मघाचं श्वासावरचं प्रवचन अर्धवट राहिलं, तेवढं पुरं करा. मीही ऐकते."

बोलायचं म्हटल्यावर गडी थांबतो कसला. श्वासावरून विचारांवर आला, विचारांवरून सुनांच्या हट्टांवर. त्याची पाठ पडद्याकडे होती. तिकडे त्याच्याच पेशी हळूहळू एकमेकींना चिकटू लागल्या, चळती लागल्या. लोक त्याच्याकडे बघायचं सोडून त्याच्या मागे पडद्याकडे बघू लागले.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, "गुरुजींनाही दिवस गेलेत की काय?"

सभागृहात हशा पिकला. बाईंनी अर्काची बाटली सासूबाईंपुढे धरली. "थेंबभर जिभेला लावून बघा."

"खारट आहे की हो."

"मिठाचं पाणी आहे. काचेवर थेंब थोडा वेळ थांबला की पेशी चळती लावतात, तुमच्याही आणि माझ्याही. गरोदरपणात जरा जास्तच. पहिला थेंब हे गुरुजी बोलत असताना थांबतो. दुसरा मिठाच्या पाण्यात कालवून लगेच दाखवतात. यांचं खरं यंत्र यांची जीभ आहे."

"विज्ञानाच्या पलीकडेही..." रक्तदर्शीने सुरुवात केली, पण त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

"म्हणजे रक्तात ताण नसतोच?" शिंप्याने विचारलं.

"असतो. पण तो मनाचा नव्हे. बाळाला पोसणारी वार दमली की तिच्या खुणा आईच्या रक्तात उतरतात, सूज वाढवणारे घटक वाढतात. ते प्रयोगशाळेत मोजावे लागतात, पडद्यावर दिसत नाहीत. आणि नुसतं तेवढ्यावर भागत नाही, रक्तदाब बघावा लागतो, लघवी तपासावी लागते. हे कंटाळवाणं काम आहे, त्यात चमत्कार नाही." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, तोंड सुजलं, तर आधी दवाखाना गाठा. आणि कुणी काही अजब दाखवलं, तर त्याला म्हणा, आधी स्वतःवर करून दाखव. एवढं विचारायला शिक्षण लागत नाही."

काही बायका उठल्या. सगळ्या नाही. एक जण शेजारणीला हळूच म्हणाली, "नंबर आलाच आहे, तर दाखवून घेऊ का?" बाईंनी ते ऐकलं. वाद घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी शिंप्याच्या बायकोला दंडाला धरून उठवलं आणि जिना उतरवला.

दवाखान्यात मोजला, तर रक्तदाब फार चढला होता. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाळाला लवकर बाहेर काढावंच लागलं. मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण रडली चांगली खणखणीत. आईने पाणी मागितलं, तेव्हा बाईंनी पहिल्यांदा घड्याळाकडे पाहिलं. घरी जाऊन झोपायला हरकत नव्हती.

दाराशी सासूबाई उभ्या होत्या.

"बाई, तो ताण म्हणजे नेमकं काय, ते आता नीट सांगा. मला कळलं, तर मी आमच्या गल्लीत चार जणींना सांगेन."

बाईंचा हात सवयीने दाराच्या कडीवर गेला होता. त्यांनी तो काढला, स्टूल ओढलं आणि बसल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "वार म्हणजे काय, इथपासून सांगते."