गव्हातून वर येणारा संत

"वर आला! संत वर आला!"

चर्चच्या अंगणात एकच गिल्ला झाला. गव्हानं भरलेल्या लाकडी पिंपातून संत पँतेलिमोनचं तळहाताएवढ्या फळीवरचं चित्र डोकं वर काढत होतं. मघाशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते तळाशी पुरलं होतं! बायकांनी छातीवर क्रूस काढले. ते पिंप काठीला टांगून अख्खा होरो नाच नाचलेले दोन गडी धापा टाकत मटकन खाली बसले.

"संत गव्हात कशाला थांबेल? तो आजाऱ्याकडे धावतो!" आंफिम बाबा गरजला. हा भटका साधू नुकताच गावात उगवला होता, आणि संत वर आला की पिंपातला गहू त्याच्या गाडीत जात होता. "गिंका, संतानं तुझी हाक ऐकली. आता पोरीला इस्पितळात नेलंस, तर त्याचा अपमान होईल!"

गिंकाच्या कडेवरची रुसका तापानं फणफणली होती. पोट दगडासारखं घट्ट. शहरातल्या डॉक्टरनं बजावलं होतं, आजच आणा, पोट उघडावं लागेल. ती चिरफाड टळली म्हणून गिंकाला अगदी हायसं वाटलं.

"शहराची आगगाडी चुकेल, गिंका," शाळेच्या झ्द्राव्का बाई म्हणाल्या.

"अहो बाई, संत वर आला की! पाहिलंत ना?"

"पाहिलं. आता कांदा येतो का बघू."

बाईंनी पिंप रिकामं करवलं, तळाशी एक जाडजूड कांदा ठेवला आणि वर गहू ओतायला लावला.

"पाखंड!" बाबा ओरडला.

"कांद्याला घाबरता होय, बाबा?" म्हातारा दिच्को खिदळला. "वाजवा रे!"

पुन्हा नाच रंगला, पिंप हिसके खात उसळू लागलं. नाच संपायच्या आत कांद्याचं टक्कल वर चमकलं. सवयीनं एकीनं क्रूस काढला आणि जीभ चावली.

"कांदाही देवानंच केलाय!" बाबानं सावरून घेतलं.

"मग उद्यापासून मेणबत्ती कांद्यालाच लावतो," दिच्को म्हणाला.

बाईंनी कांदा उचलला. "हिसका बसला की हा जरासा उचलला जातो. खाली पोकळी होते, तिच्यात बारीक दाणे चटकन घुसतात. हा मोठा, त्याला परत खाली जायला फट मिळत नाही. प्रत्येक हिसक्याला तो थोडा वरच सरकतो. पिंप स्थिर ठेवून दिवसभर प्रार्थना करा, काही हलणार नाही. बाबा फक्त बोलले, संताला वर आणलंत तुम्ही, नाचून नाचून."

गडी एकमेकांकडे बघून ओशाळं हसले.

गिंका मात्र हसली नाही. डॉक्टरच्या चाकूची भीती परत आली होती. "बाई, मग आता मी कुणाच्या भरवशावर राहू?"

"ज्याला पोटातलं दुखणं कळतं त्याच्या. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते, गिंका. डोकं मात्र कुणाच्या हवाली करू नकोस."

"विचार कर, गिंका!" बाबा मागून ओरडला. "संत रागावेल!"

गिंकानं रुसकाला शालीत गुंडाळलं. "रागावू दे, बाबा. माझी पोर काही गव्हात पुरलेली नाही, नाचून वर यायला."

आणि ती स्टेशनाकडे धावत सुटली.