वेदनेचा रकाना

पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं, "वस्तू कुणीही बनवतं. तुम्ही वेदना शोधा."

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी स्टार्टअप उद्योजकतेच्या एम.एस्सी.ला आले होते. निदान काहीतरी बनवायला शिकवतील असं वाटलं होतं. सरांनी एक छापील तक्ता वाटला. ग्राहकाचं वय, काम, सध्याचा उपाय, आणि तळाशी जाड चौकटीत एक रकाना : वेदना, शून्य ते दहा. आकडा ग्राहकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचा, आपण सुचवायचा नाही. सातच्या खाली आला की कल्पना केराच्या टोपलीत.

मला लांब जायची गरज नव्हती. घरात आत्या होती.

चार वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्यापासून आत्याला कमरेखाली काहीच जाणवत नाही. असा माणूस एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिला की हाडाखालच्या कातडीचा रक्तपुरवठा बंद होतो आणि जखम होते. म्हणून आई दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. दिवसा आणि रात्री, गजर लावून. बाबा गेल्यापासून घरात दुसरं कुणी नव्हतं आणि मला आई उठू द्यायची नाही. "तू अभ्यास कर," म्हणायची.

माझ्या जोडीदाराला वर्गात सगळे फिरकी म्हणायचे, कारण तो सरांपासून शिपायापर्यंत कुणाचीही घ्यायचा. आम्ही दोघांनी गादीवर चादरीखाली घालायची एक पातळ चटई बनवली. तिच्यात दाब मोजणारे चोवीस ठिपके होते. एका जागी ठरावीक मिनिटं दाब राहिला की आईच्या उशाशी ठेवलेली डबी वाजायची. ती मिनिटं म्हणजे प्रोग्रामच्या एका ओळीतला एक आकडा. सुरुवातीला आम्ही तो एकशेवीस ठेवला होता.

एका रविवारी मी तक्ता घेऊन आत्याच्या खाटेवर बसले.

"शून्य ते दहा. पाठीला, मांडीला किती दुखतं?"

"शून्य. खालचं ऑफिस बंद आहे आमचं, माहीत नाही का तुला?"

"आत्या, नीट सांग ना."

"नीटच सांगतेय. फुगवलेला आकडा हवा असेल तर त्या फिरक्याला विचार."

मग मी आईला तिच्या त्रासाचा आकडा विचारला. ती दारात टॉवेलच्या घड्या घालत होती.

"नऊ," आई म्हणाली. "दहा म्हटलं तर वन्संना वाईट वाटेल."

"मला कशाला वाईट वाटतंय? दहा लाव गं हिला. माझ्याकडून एक भेट."

मी नऊच लिहिला.

सरांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. "शून्य?"

"तिला तिथे संवेदनाच नाही, सर."

"मग ती ग्राहक नाही."

"पण जखम तिला होणार ना?"

"तुम्ही काय डॉक्टर आहात? तुमच्यापुढे दोन बाया आहेत. एक म्हणते शून्य, एक म्हणते नऊ. बाजार कुठे आहे?" ते थांबले. वर्ग हसला. "आईला काय दुखतंय?"

"झोप होत नाही."

"मग झोप द्या. सहा आठवड्यांत नऊचे तीन करून दाखवा, अंतिम फेरीत बसवतो."

अंतिम फेरीतून एकाच जोडीला वर्षभरासाठी स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. ती मला हवी होती. तोवर दुसरं काही एवढं हवंसं वाटलेलं मला आठवत नाही.

शिवाय सरांचं म्हणणं मला पटलं होतं. मोजता येईल ते मोजायचं, हे मी तीन वर्षं शिकले होते, आणि आत्याच्या रकान्यात मोजण्यासारखं काही नव्हतं.

एकशेवीसचे मी एकशेऐंशी केले. पुढच्या रविवारी आई सात म्हणाली. दोनशेचाळीस केल्यावर सहा. तीनशे केल्यावर चार. कागदावर एक सुंदर उतरती रेषा तयार होत होती.

"हल्ली कमी वाजतं गं हे," आई म्हणाली.

"सुरुवातीला उगाच वाजायचं. आता यंत्र सुधारलंय."

आईने गजराचं घड्याळ कपाटात ठेवून दिलं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. ते आत्याच्याही लक्षात आलं.

"वहिनी, काय तेज चढलंय हो तोंडावर! कुणी बघायला येणार आहे की काय?"

"काहीतरीच तुमचं, वन्सं!" आई म्हणाली, पण चक्क लाजली.

पाचव्या आठवड्यात, बुधवारी, आई झोपली होती म्हणून आत्याचं अंग मी पुसायला घेतलं. माकडहाडावर अंगठ्याच्या पेराएवढा लाल डाग होता. मी त्यावर बोट दाबून उचललं. निरोगी कातडी दाबली की पांढरी पडते आणि मग पुन्हा लाल होते. हा डाग पांढरा पडला नाही. पुन्हा दाबलं, पाच सेकंद मोजून. तसाच.

"काय चाललंय मागे? खजिना सापडला?" आत्याने विचारलं.

"काही नाही. जरा लाल झालंय."

"मला तर काही कळत नाही बाई."

बाहेर जाऊन मी फिरकीला फोन केला.

"आकडा एकशेवीसवर आण," तो म्हणाला.

"आणला तर आई रविवारी आठ म्हणेल. सादरीकरणाला दहा दिवस राहिलेत. रेषा वर जाईल."

तो काहीतरी विनोद करेल म्हणून मी थांबले. त्याने केला नाही. "आत्या तुझी आहे. तू ठरव," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

मी ठरवलं. आकडा तीनशेवरच राहू द्यायचा आणि घरी असेन तेव्हा आत्याला मीच हाताने वळवायचं. म्हणजे रेषेलाही धक्का नाही आणि आत्यालाही. डागावर मी एक चिकटपट्टी लावली. आईने विचारलं तर सांगितलं, "काही लागू नये म्हणून. आजपासून अंग पुसायचं माझ्याकडे. तू झोप."

आईचे डोळे भरून आले. आत्याला म्हणाली, "बघा वन्सं, पोरगी कशी गुणाची निघाली!"

तीन दिवस मी वळवलं. मग सादरीकरणाचा सराव सुरू झाला आणि मी सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परत यायला लागले. पट्टीच्या कडेने कातडी जांभळी दिसायची. वरून ती शाबूत होती. शेवटचे चार दिवस मी चादर बदलली, पट्टी उचलली नाही. मधल्या रविवारी आई तीन म्हणाली होती.

सादरीकरणाच्या सकाळी आत्याला ताप होता. "जा तू," ती म्हणाली. "नाही जिंकलीस तर घरात घेणार नाही."

तीन परीक्षक होते. रेषा पडद्यावर आली तेव्हा मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. परीक्षकांपैकी एकजण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "या सहा आठवड्यांत त्या बाईंना जखम झाली का?"

फिरकी जमिनीकडे बघत होता.

"रुग्णाकडून एकही तक्रार आलेली नाही, सर," मी म्हणाले.

प्रयोगशाळा आम्हाला मिळाली. किल्ली घेताना फोन वाजला. शेजारच्या काकू होत्या, आत्याला दवाखान्यात नेलं म्हणून सांगत होत्या.

जखम तळहाताएवढी होती. वरच्या कातडीखाली सगळं सडलं होतं, थेट हाडापर्यंत, आणि ते विष रक्तात गेलं होतं. शल्यचिकित्सकांनी सडलेला भाग कापून काढला. आत्या वाचेल का, हे ते सांगत नव्हते.

आई बाकावर बसली होती. मला बघून उठलीसुद्धा नाही.

"मीच झोपले गं," ती म्हणाली. "ते वाजत असेल आणि मला ऐकूच आलं नसेल. मेली कसली झोप लागत होती मला! तुझ्या यंत्रात नोंद असते ना? खरं सांग. वाजलं होतं ना?"

नोंद माझ्या फोनमध्ये होती. डबी दिवसाला पाच वेळा वाजली होती आणि आई पाचही वेळा उठली होती. एकदाही चुकली नव्हती.

"वाजलं होतं," मी म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

आईने दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, जोरात, आणि ओढत राहिली.

तेवढ्यात परिचारिका कागद घेऊन आली. वॉर्डाच्या दारातूनच तिने मोठ्याने विचारलं, "खाट क्रमांक नऊ. घरी यांची कूस कोण बदलायचं?"

बाकांच्या रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. आईने कान सोडून हात वर केला.

"तुम्ही? चार वर्षं नीट सांभाळलंत, मग आत्ताच काय झालं?"

"झोप लागली," आई म्हणाली.

"झोप लागली!" परिचारिका रांगेकडे बघत म्हणाली आणि तिने ते कागदावर लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कोण?"

"भाची," मी म्हणाले. "मी शिकते."